सगुणाबाईच्या पोटातला चिमटा

चुलीतला निखारा उचलणारा चिमटा तुम्ही घरोघरी पाहिला असेल, मित्रांनो. मी त्या जातीचा नाही. मी ऑपरेशनच्या खोलीतला एक जुना चिमटा आहे. वीतभर लांब, बोटं घालायला कात्रीसारख्या दोन कड्या, टोकाला बारीक दात. नस तुटली, रक्त उसळलं, की ती नस दाताखाली घट्ट धरून ठेवायची, एवढंच माझं काम. दवाखान्यातली माणसं मला 'आर्टरी' म्हणतात. माझी हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे; पण आधीच सांगतो, मला गोड बोलायला जमणार नाही. पोलाद तापायला वेळ लागतो, आणि एकदा तापलं की लवकर निवत नाही.

मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने मला इतकं घासलं, की त्याला माझ्यात स्वतःची मिशी दिसू लागली. मग त्याने मला कानाशी धरून मिटवलं. 'कट्' असा आवाज आला. तो हसला आणि म्हणाला, "जमला." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे खाकी कागदात गुंडाळून, रेल्वेत बसून मी जालन्याला उतरलो आणि तिथून जवळच्या एका नगरपालिकेच्या दवाखान्यात आलो. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, तिथलंच तसं होतं. तसं नव्हतं. तसं कुठेही होऊ शकत होतं.

तिथे आम्ही एका ताटात बारा भावंडं होतो, प्रत्येकाच्या कडीवर दवाखान्याची खूण कोरलेली. रोज उकळत्या पाण्यात आंघोळ, मग पांढऱ्या फडक्यावर ओळीने निजायचं. ऑपरेशनच्या आधी सिस्टर आम्हाला मोजायच्या, आणि टाके घालण्याआधी पुन्हा मोजायच्या. दवाखान्याचा तो नियमच होता. किती बाळांचा पहिला टाहो मी ऐकला असेल! बाळ रडलं की सिस्टर आम्हाला धुताना गुणगुणत. त्या दिवसांत मला वाटायचं, पोलादाच्या जन्माला येऊन याहून चांगलं काही मिळत नसतं.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. टेंभुर्णीच्या बाजूच्या एका खेड्यातून एक बैलगाडी दवाखान्यापुढे येऊन थांबली. गाडीत सगुणाबाई होती. मूल पोटात आडवं झालेलं. तिचा नवरा कडूबा गाडीच्या चाकाला धरून उभा होता, जणू हात सोडला तर चाकच निखळेल. ऑपरेशन झालं. मुलगी रडली. सगळं चांगलं झालं होतं, मित्रांनो. सगळं. फक्त बाहेर जीप उभी होती आणि डॉक्टरसाहेबांना कुठल्याशा पाहुण्याला हार घालायला जायचं होतं.

"साहेब, अकराच भरतात," सिस्टर म्हणाल्या.

"मग अकराच असतील."

"सकाळी बारा होते, साहेब. मी स्वतः—"

"सिस्टर, उजळणी मी शिकवू का तुम्हाला? टाका द्या."

बारावा मी होतो. मी आत होतो. माझे दात आतड्याजवळच्या एका पातळ पदराला धरून बसले होते, कारण साहेबांनीच मला तिथे धरायला लावलं होतं आणि सोडवलं नव्हतं. माझी 'कट्' उघडायला माणसाची दोन बोटं लागतात. ती बोटं हातमोजे काढून जीपमध्ये बसली. वरून उजेडाची चीर बारीक बारीक होत गेली आणि मिटली.

दोन वर्षं मी तिथे होतो.

काय सांगू तुम्हाला! मला ऐकू सगळं येत होतं. तिचं काळीज माझ्या वरच्या अंगाला टकटक करायचं. ती वाकली की माझं टोक तिला टोचायचं, आणि तिच्याबरोबर मीही कळवळायचो; पण ओरडायला मला तोंड नव्हतं. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. हातोडा वर जायचा, आणि खाली येताना ती पोट धरून बसायची. मुकादम खेकसायचा. बायका हसायच्या. घरी आली की सासू गोजरबाई उंबऱ्यातच सुरू करायची.

"एका बाळंतपणात कंबर मोडली म्हणं हिची! म्या सात काढली, आन् सातव्याच्या वक्ताला बाराव्या दिशी निंदायला गेल्ते."

"आत्याबाई, खरंच लई दुखून राह्यलंय वो."

"दुखतंय कशाचं? बसून खायाची हौस हाय, दुसरं काय!"

कडूबाने तिला तीनदा त्याच दवाखान्यात नेलं. तीनदा त्याच साहेबांनी तिच्या पोटावर, बरोबर माझ्या वर, हात ठेवला. आमच्यामध्ये बोटभर अंतर असेल. "वाताचं आहे," ते म्हणाले आणि पांढऱ्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "बाईच्या मनात काहीतरी आहे. हिला कामात गुंतवा."

त्यानंतर सगुणाबाईने दुखतं असं सांगणंच सोडलं. पहाटे दळताना तेवढी ती म्हणायची,

*पहिली माझी ओवी गं, जात्याच्या दांड्याला,*
*पोटातली कळ माझी सांगते मी कोंड्याला.*

कोंड्याने तरी ऐकलं असेल. माणसांनी नाही ऐकलं.

शेवटी एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या चैत्रात ती शेतात बेशुद्ध पडली. कडूबाने आईला न विचारता तिला औरंगाबादला नेलं. तिथे फोटो काढला, तर काळ्या फोटोत मी पांढराशुभ्र उभा! चैत्री पौर्णिमेला, सहा एप्रिलला, मला बाहेर काढलं. तिथल्या डॉक्टरांनी मला उजेडात धरलं. सगुणाबाई शुद्धीवर आली तेव्हा त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"म्हंजे मी खोटं न्हवते बोलत?"

एवढंच विचारलं तिने. दोन वर्षांत सगळ्या गावाने मिळून तिला अशा जागी आणून ठेवलं होतं, की तिला स्वतःच्या पोटाची खात्री दुसऱ्याला विचारावी लागली.

डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर सही करून मला तिच्या हवाली केलं. "जपून ठेवा," म्हणाले. घरी आल्या आल्या तिने मला सासूपुढे ठेवलं. गोजरबाईने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"हे पोटात व्हतं? येडी का खुळी? दवाखान्यात असल्या चिमट्याचा ढीग असतो. आणला असंल एक उचलून!"

"चिठ्ठी हाय की डाग्दरची, आत्याबाई."

"चिठ्ठी काय, चार आण्याला कुणीबी लिवून देतं."

त्या क्षणी सगुणाबाईच्या मनाने घेतलं. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिथेच, उभ्या उभ्या. ती कडूबाला म्हणाली, "मला कोर्टात घिऊन चला. मला भरपाई बी नको आन् काही नको. ज्याचा चिमटा त्यानं म्हणावं, की हा हिच्या पोटात आमच्या हातानं राह्यला. बाई खोटी न्हवती, एवढं कुणीतरी शिक्क्यानिशी बोलावं."

जालन्याला अण्णासाहेब नावाचे एक वकील होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला हातात घेतलं, चिठ्ठी वाचली, आणि कपाळावरचा घाम पुसला.

"कडूबा, दावा भक्कम आहे. पण नीट ऐक. दवाखाना नगरपालिकेचा. नगरपालिकेवर दावा लावायचा तर आधी महिनाभराची नोटीस द्यावी लागते. आणि तो नोटिशीचा महिना सोडून, चिमटा निघाल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे. बाईला जरा चालायला येऊ दे, मग घेऊन ये. अंगठा तिचा लागेल."

"सहा महिन्याच्या आत. बराबर. बिलकुल चुकणार न्हाई, साहेब."

त्यांच्या डोक्यावर भिंतीला तारखांचं कॅलेंडर लटकत होतं. एक बोट उचलून 'ही तारीख' असं त्यांनी दाखवलं असतं, कागदाच्या कपट्यावर लिहून दिलं असतं, तर आज मी तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलत असतो. त्यांना वाटलं, सहा महिने म्हणजे सहा महिने; त्यात काय सांगायचं?

आता जरा नीट ऐका, मित्रांनो, कारण घात इथे झाला. कडूबाला शाळा माहीत नव्हती, पण महिने मोजण्यात तो पक्का होता. पेरणी, निंदणी, लग्न, बारसं, सगळं तो चैत्र-वैशाखाने मोजायचा आणि कधी चुकायचा नाही. त्याने बोटांची पेरं धरली: वैशाख एक, जेठ दोन, आखाड तीन, श्रावण चार. पण त्या साली भादवे दोन आले. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. आपल्याकडे धोंड्याचा महिना हिशेबात धरत नाहीत. त्यात जावयाला वाण देतात, नदीवर नहाण करतात. पण नवं काम कुणी हाती घेत नाही. कडूबाने ते पेर मोकळं सोडलं.

तरी सगुणाबाई एकदा म्हणाली, "आवो, जाऊन येऊ ना जल्दी. उगा कशाला थांबायचं?"

गोजरबाई कडाडली. "धोंड्यात कोर्टाची पायरी? घराचं वाटुळं करती का?"

"अजून लई दिवस हायेत," कडूबा म्हणाला. "वकिलानं सहा महिने सांगितलेत. कोजागिरीला भरतेत."

धोंडा संपला, तर गणपती आले. गणपती गेले, तर पितरं आली; पितरांत नवं काम कोण करतं? म्हणून कडूबाने मनाशी ठरवलं, की दसऱ्याचं सोनं लुटायचं आणि दुसऱ्या दिवशी शुभ पावलाने जालना गाठायचं. त्याच्या मते हातात अजून चार दिवस होते. तो तसा गेला. टोपी नवी, कपाळाला गंध. मी सगुणाबाईच्या ओटीत, खणाच्या तुकड्यात.

अण्णासाहेबांनी दोघांना पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच.

"आता आलास? कडूबा, आज सव्वीस ऑक्टोबर! मुदत सहाला संपली!"

"आसं कसं, साहेब? कोजागिरी चार दिवसावर हाय. धोंडा धरला का काय तुमी?"

अण्णासाहेब खाली बसले. त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली.

तरी त्यांनी नोटीस दिली, महिनाभर वाट पाहिली, दावा लावला. नगरपालिकेचं लेखी उत्तर आलं. सदर चिमटा आमचा नाही. सदर बाईने तो कुठून आणला हे आम्हास माहीत नाही. आणि शेवटी, दावा मुदतीबाहेर असल्याने पुढे ऐकण्याचं कारण नाही. गोजरबाईचंच बोलणं, फक्त टाइप केलेलं!

मग तारखा. तारखांवर तारखा. मुलगी चालायला लागली होती, ती बोलायला लागली, तरी तारखा. अखेर शहात्तर साली तो दिवस उजाडला. त्या दिवशी गोजरबाईसुद्धा आली होती, सुनेची फजिती पाहायला. सगुणाबाई सकाळपासून मनात घोकत होती, न्यायाधीशांपुढे काय बोलायचं ते. मला तिने रिठ्याने धुतलं होतं. मी तिच्या मुठीत होतो.

नगरपालिकेचे वकील उठले. "साहेब, पुराव्याआधी मुदतीचा मुद्दा ऐकावा."

अण्णासाहेब म्हणाले, की पक्षकार अडाणी आहे, त्याने पंचांगाने महिने मोजले, अधिक मास सोडला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, कायद्याचा महिना इंग्रजी कॅलेंडरचा. अपिलाला, अर्जाला उशीर झाला तर मला माफ करता येतो. दाव्याचा उशीर माफ करायचा अधिकार मला कायद्याने दिलेला नाही. सहा ऑक्टोबरला रविवार होता, म्हणून मी सोमवार धरतो. नोटिशीचा महिनाही वगळतो. तरी एकोणीस दिवस होतात. आणि नोटीसच मुदत संपल्यावरची."

रविवार धरला! ऐकलंत? कोर्टाला सुट्टी होती म्हणून एक दिवस माफ. आणि सगळं गाव ज्या महिन्यात नव्या कामाला हात लावत नाही, तो महिना कुणालाच ठाऊक नव्हता.

सगुणाबाई उभी राहिली. तिला कुणी उठायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, धोंड्यात माझं पोट दुखायचं राह्यलं न्हवतं."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, दाखवा काय आहे ते. त्यांनी नजर खाली वळवली. "बाई, माझे हात बांधलेले आहेत," म्हणाले, आणि लिहू लागले.

हात बांधलेले! मला हसू आलं असतं, पोलादाला येत असतं तर. दावा फेटाळला. मी मुठीतून बाहेर निघालोच नाही. चुकी झाली का, कुणाची झाली, चिमटा कुणाचा, बाई खरी का खोटी, यातला एकही प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नाही. दोन वर्षांचं दुखणं एकोणीस दिवसांना हरलं.

बाहेर व्हरांड्यात गोजरबाई बसली होती. "झालं समाधान?" एवढंच म्हणाली. सगुणाबाई खांबाला टेकली. कडूबा तर वर बघायलाच तयार नव्हता. तो नुसता बोटांची पेरं चाचपत होता.

तेवढ्यात एक माणूस लगबगीने आला. काखेत लांबट वही, खिशात दोन पेनं. नगरपालिकेच्या भांडारातले कारकून, रामराव. वही कोर्टात दाखवावी लागली तर असावी, म्हणून त्यांना बोलावून ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही.

"बाई, झालं ना आता तुमचं? मग ती आर्टरी द्या. आमची आहे ती."

सगुणाबाईने मान वर केली. "कुणाची?"

"दवाखान्याची. ही बघा, कडीवर आमची खूण. चार वर्षं झाली, ऑडिटवाले दर साली माझ्या बोकांडी बसतात, आर्टरी नग एक गहाळ, कुठे गेली सांगा. मी पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राह्यलो. ही नोंद मिटवल्याबिगर मला कागद देत नाहीत."

"गहाळ कवापासून?" हे कडूबाने विचारलं.

रामरावांनी वही उघडली. सवयीने, काही न लपवता. त्यांनी वाचलेली तारीख सगुणाबाईच्या लेकीच्या जन्माची होती. सिस्टरने त्याच संध्याकाळी लिहून दिलं होतं. खाली त्याच डॉक्टरसाहेबांची सहीसुद्धा होती.

म्हणजे त्यांना माहीत होतं, मित्रांनो! पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गोळ्या देताना माहीत होतं, 'सदर चिमटा आमचा नाही' असं लिहिताना माहीत होतं. कडूबाने रामरावांची गचांडीच धरली. सगुणाबाईने त्याचा हात सोडवला.

"थांबा वो. भाऊ, चिमटा देते. पर पावती लिवून द्या."

रामराव लिहू लागले, "सगुणाबाई यांच्याकडून..."

"आसं न्हाई. कुठं सापडला ते लिवा."

"अहो, तसं लिहिता येत नाही, बाई."

"मंग चिमटाबी देता येत न्हाई. जा, तुमच्या आडिटवाल्याला घिऊन या."

रामरावांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचे वकील चहाला गेले होते. "ऑडिटवालाबी हेच विचारणार, कुठे सापडली म्हणून," ते स्वतःशीच पुटपुटले. "एकदा मिटू दे ही कटकट." आणि त्यांनी लिहिलं, पिशवीतून शिक्का काढून हाणला, आणि सगुणाबाईच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचलं.

"नगरपालिका दवाखान्याची आर्टरी नग एक, ऑपरेशनच्या दिवसापासून गहाळ, सगुणाबाई कडूबा यांच्या पोटातून निघालेली, आज रोजी परत मिळाली."

अण्णासाहेब तोवर तिथे आले होते. त्यांनी कागद घेतला, दोनदा वाचला.

"आता याचं काही व्हतं का, साहेब?" कडूबाने विचारलं.

"अपील करता येईल. पण तिथेही आधी मुदतच बघतील." त्यांनी कागद सगुणाबाईच्या हातात परत दिला. "मी तारीख लिहून द्यायला पाहिजे होती, कडूबा."

गोजरबाई उठून जवळ आली. "कुणी लिवलं म्हणायचं हे?"

"नगरपालिकेनं, आत्याबाई."

"शिक्का हाय?"

सगुणाबाईने कागद पुढे केला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने ओल्या शिक्क्यावर बोट ठेवलं. बोटाला निळी शाई लागली, ती तिने पदराला पुसली नाही. मग सुनेच्या पायाशी ठेवलेलं भाकरीचं गाठोडं तिने उचललं, आपल्या डोक्यावर घेतलं, आणि म्हणाली, "चल. तू काही उचलू नको. मोटर निघून जाईल."

सगुणाबाईने मला रामरावांच्या हातावर ठेवलं आणि कागद चोळीत खोचला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला मी नको होतो, तिला तो कागद हवा होता.

आता मी दवाखान्याच्या फडताळात पडून आहे. टोक वाकलंय, कामाला घेत नाहीत. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी डॉक्टर झालात, तर जीप कितीही घाईत असली तरी टाका घालण्याआधी मोजा, आणि सिस्टर 'एक कमी आहे' म्हणाली तर तिचं ऐका. कुणी वकील झालात, तर गरिबाला 'सहा महिने' सांगून पाठवू नका. त्याच्या पंचांगातली तिथी विचारा आणि कागदावर तारीख लिहून द्या. कुणी कायदे करायला बसलात, तर पोटातल्या दुखण्याला मुदत घालताना एकदा सगुणाबाईच्या गावचे महिने मोजून पाहा. आणि यातलं काहीच झाला नाहीत, तरी घरातली बाई 'दुखतंय' म्हणाली, तर आधी तिचं खरं धरा.

रामराव रिटायर झाले. त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे तांबड्या शाईने लिहिलं आहे, 'आक्षेप निकाली.' त्यांचा निघाला असेल. माझा नाही.